कुलपाचं चित्र खरं होतं, दार आमचं नव्हतं

आमचं काम छपाईपूर्व मांडणीचं. ग्राहक जडजड फाइली पाठवतात, आम्ही रंग आणि समास सुधारून त्या परत देतो. एवढं ओझं मेलला पेलत नाही, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर एफटीपी, म्हणजे फाइली पाठवायची-घ्यायची जुनी पद्धत, सुरू करायचं ठरलं. त्याच सर्व्हरवर आमची छोटी वेबसाइट आधीपासून होती. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ओळखीतून एक गृहस्थ आले, 'सर्व्हर हार्डनिंग', म्हणजे सर्व्हरची सुरक्षा पक्की, करून देतो म्हणाले. पैसे आगाऊ घेतले. दोन दिवसांनी बारा पानांचा अहवाल आला: प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण आणि पहिल्याच पानावर ब्राउझरमधल्या कुलपाचा मोठा स्क्रीनशॉट.

"सर, आता निवांत झोपा," ते म्हणाले. आणि मी झोपलो, जवळजवळ वर्षभर.

फसवणूक म्हटलं की थापा मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. या गृहस्थांनी धडधडीत थाप फारशी मारलीच नाही. त्यांनी दाखवलेली बहुतेक गोष्ट खरी होती, फक्त ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी होती. कुलपाचंच घ्या. कुलूप खरंच होतं, पण ते आमच्या वेबसाइटचं. वेबसाइटला टीएलएस (वाटेतली माहिती इतरांना वाचता येऊ नये अशी सोय) आहे म्हणून त्याच यंत्रावरच्या एफटीपीलाही ते आपोआप मिळत नाही. दोन वेगळे प्रोग्रॅम, दोन वेगळी पोर्ट (यंत्राची क्रमांक असलेली दारं), दोन वेगळ्या सेटिंग. हे मला आज माहीत आहे.

तीनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सर, तुमच्यावर हल्ला चालू आहे. स्क्रीनशॉट पाठवलाय, बघा." लॉगच्या, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदींच्या, ओळीच ओळी, 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' या नावांनी आत यायचे फसलेले प्रयत्न, दर काही सेकंदाला एक. माझे हातपाय गळाले. वार्षिक देखभालीचे पैसे त्याच दुपारी पाठवले. लॉग अस्सल होता. पण इंटरनेटवर पोर्ट 22 (दुरून सर्व्हर चालवायच्या एसएसएचचं) किंवा 21 (एफटीपीचं) उघडं ठेवलं की कुणाच्याही दारावर असे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दिवसरात्र टकटक करतातच. त्यात आमच्यावर कुणाचा डोळा वगैरे काही नव्हतं.

पुढच्या खेपेला त्यांनी आणखी मोठा फटाका काढला. "तुम्ही एफटीपीसाठी जो व्हीएसएफटीपीडी प्रोग्रॅम वापरता, त्यात चोरदरवाजा सापडलाय. युजरनेममध्ये हसरा चेहरा टाईप केला की सर्व्हर उघडतो." सोबत एका लेखाची लिंकही दिली. मी ती वाचली, माहिती खरी निघाली, आणि पुन्हा पैसे दिले. वाचली असं म्हणतोय, पण तारीख वाचली नव्हती. तो प्रकार जुलै 2011 चा. 2.3.4 या आवृत्तीच्या डाउनलोड फाइलमध्ये कुणीतरी भेसळ केली होती. नावात कोलन आणि कंस आला की पोर्ट 6200 वर शेल, म्हणजे सर्व्हरला हुकूम सोडायची खिडकी, उघडायचं. ती फाइल तेव्हाच काढून टाकली गेली. आमच्याकडे 3.0.3 होतं. आवृत्ती बघायला एक कमांड पुरते, पण ती मी कधी चालवलीच नाही.

सगळं उघडं पडलं ते नव्यानं लागलेल्या मुलीमुळे. तिच्या लॅपटॉपवर फाइलझिला हा एफटीपीला जोडणारा प्रोग्रॅम टाकून तिनं आमच्या सर्व्हरला जोडलं आणि विचारलं, "सर, हा सर्व्हर इनसिक्युअर आहे, टीएलएस देत नाही, असं येतंय. तुमच्याकडेही येतं का?"

आमच्याकडे येत नव्हतं. का, ते तिनं माझ्याच यंत्रावर दाखवलं. साइट मॅनेजरमध्ये एन्क्रिप्शनच्या रकान्यात 'ओन्ली यूज प्लेन एफटीपी' निवडलेलं होतं. पुढे कंसात 'इनसिक्युअर' असं छापलेलंही होतं. गृहस्थांनी ऑफिसातल्या प्रत्येक यंत्रावर स्वतः बसून हे निवडून दिलं होतं. त्या पर्यायात प्रोग्रॅम टीएलएस मागतच नाही, म्हणून तक्रारही करत नाही. इशारा बंद केला आणि हिरवी खूण लावली. इतक्या बारकाईनं काम करणाऱ्या माणसाला सर्व्हर नीट लावता आला नसता असं मला अजिबात वाटत नाही.

मग तिनं वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, लावलं आणि मला लॉगइन करायला सांगितलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी पडल्या. 'यूजर', पुढे आमचं नाव. सर्व्हरचं उत्तर 331, पासवर्ड सांगा. मग 'पास', आणि पुढे माझा पासवर्ड, अक्षर न अक्षर, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. मग 230, लॉगइन झालं. आपलाच पासवर्ड असा उघड्यावर पडलेला पाहिला की तोंडाला कोरड पडते. एफटीपी मुळातच असं आहे. पहिला मसुदा 1971 मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला, आजही वापरात असलेली मूळ व्याख्या 1985 ची. तेव्हाचं जाळं मोजक्या ओळखीच्या लोकांचं होतं. दोष त्या प्रोटोकॉलचा नाही. त्यावर 'सुरक्षित'ची चिठ्ठी चिकटवून विकणाऱ्याचा आहे.

एफटीपीची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडली तर जेमतेम आठ ओळी. मूळ फाइल काढून गृहस्थांनी आपली ठेवली होती. 'अ‍ॅनॉनिमस एनेबल' ही ओळ त्यात नव्हतीच. मी म्हटलं, चला, म्हणजे अनोळखी लोकांना प्रवेश नाही. ती म्हणाली, "नाही सर, उलट. ओळ नसली की व्हीएसएफटीपीडी 'हो' धरतं. 'नो' मुद्दाम लिहावं लागतं." टीएलएसचं नेमकं उलटं: 'एसएसएल एनेबल' लिहिलं नाही की ते 'नाही'. म्हणजे आठ ओळींत जे लिहिलेलं नव्हतं तेच आम्हाला महागात पडलं. त्यात ग्राहकांची फोल्डर ठेवली होती अनामिक पाहुण्यांच्याच घरात, सर्वांना वाचता येतील अशा परवानगीनं. मी घरून, पासवर्डशिवाय, 'अ‍ॅनॉनिमस' या नावानं आत गेलो आणि एका ग्राहकाची अजून प्रसिद्ध न झालेली जाहिरात डाउनलोड करून पाहिली.

ट्रान्सफरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे एकेरी अक्षरं असतात. 'ओ' म्हणजे फाइल बाहेर गेली, 'आय' म्हणजे आत आली. लगेच पुढे 'आर' म्हणजे खातेदार, 'ए' म्हणजे अनामिक. आम्ही 'ओ' आणि 'ए' शेजारीशेजारी असलेल्या ओळी मोजायला घेतल्या. चाळीसनंतर मी मोजणं थांबवलं. त्या दिवशी ग्राहकांना एकेक करून फोन केले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता सगळ्यात वाईट भाग. काम संपल्यावर रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मालक-खात्याचा, पासवर्ड आम्ही बदलला होता, म्हणून गृहस्थ बाहेर आहेत अशी माझी पक्की समजूत होती. पण हल्ल्याचा तो लॉग त्यांना दिसला कुठून, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो त्या मुलीला पडला. युजरची यादी वाचता वाचता ती 'बॅकअप' या नावावर थांबली. डेबियनमध्ये, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या लिनक्समध्ये, हे खातं मुळातच असतं, क्रमांक 34, त्यामुळे कुणाला खटकत नाही. पण त्याच्या ओळीच्या शेवटी 'नोलॉगइन' (आत येता येत नाही) असायला हवं, तिथे 'बॅश' (आत येऊन कमांड चालवायचं शेल) होतं. त्याच्या घरात, म्हणजे बॅकअपच्या डिरेक्टरीत, लपलेलं एसएसएच फोल्डर, त्यात पासवर्डऐवजी चालणारी एक चावी. सुडोच्या (रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या सोयीच्या) फोल्डरमध्येही एक ओळ: याला पासवर्ड न विचारता सगळं करू द्या. चावीनं येणाऱ्याला पासवर्ड बदलल्यानं काही फरक पडत नाही. जेवढे लॉग उरले होते त्यात 'बॅकअप' तीनदा आत आलेला दिसला, आणि तिसरी वेळ होती शेवटच्या घाबरवणाऱ्या फोनच्या आदल्या रात्रीची.

सर्व्हरचा स्नॅपशॉट (होती तशी प्रत) पुराव्यासाठी ठेवला, आणि त्यातलं काहीही न उचलता नवा सर्व्हर कोरा उभा केला. जुनाच दुरुस्त करायचा मोह झाला होता, पण जिथे सुडो दुसऱ्याच्या हातात होतं तिथे आणखी काय पुरून ठेवलंय ते कोण खोदणार? एफटीपी पूर्ण बंद, फक्त एसएफटीपी. नावं जुळ्यांसारखी असली तरी एफटीपीएस म्हणजे जुन्याच एफटीपीवर टीएलएस, आणि एसएफटीपी हा एसएसएचचा भाग, सगळा कारभार एकाच पोर्टवर. गृहस्थ बोलताना दोन्ही शब्द वाटेल तसे फिरवायचे, तिथेच शंका यायला हवी होती. पासवर्डनं लॉगइन बंद, चाव्याच. ग्राहकांच्या गटाला शेल नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (आमच्या सर्व्हरमधून पुढे दुसरीकडे जोडणं) नाही, प्रत्येक जण आपापल्या फोल्डरात कोंडलेला. यात आमचा अर्धा दिवस गेला, कारण कोंडायचं फोल्डर रूटच्या मालकीचं लागतं आणि इतर कुणाला त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर लॉगइन होताक्षणी जोडणी तुटते. लिहिण्यासाठी आत आणखी एक फोल्डर करावं लागतं.

पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार दिली तेव्हा अधिकाऱ्यांनी पावती पाहून विचारलं, "सर्व्हर हार्डनिंग म्हणजे त्यांनी नेमकं काय करून द्यायचं ठरलं होतं?" पावतीवर तेवढे दोनच शब्द होते. हल्ली काम देताना मी लिहून घेतो: बाहेरच्या यंत्रावरून पासवर्डशिवाय जोडून दाखवायचं की जोडलं जात नाही, आणि हे तपासणार काम करणारा नाही, दुसरा कुणीतरी.

नव्या सर्व्हरचा लॉग मी अधूनमधून उघडतो. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' तिथेही आहेत, दर काही सेकंदाला एक.