ओपनस्ट्रीटमॅप, जोसम आणि दुचाकीबंदीचा एक टॅग: काही महिन्यांच्या वापरानंतर

दंड पोराला झाला, डोकं माझं फिरलं. आमच्या लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायला साताऱ्याचा एक पोरगा नव्याने लागलाय. चेंबूरहून नमुने घेऊन फोर्टला निघाला आणि स्कूटर घेऊन सरळ ईस्टर्न फ्रीवेवर चढला. उतरला तिथे हवालदार उभेच होते. "दादा, मॅपनेच वर घातलं," एवढंच तो मला सांगत राहिला. फोनमध्ये होतं एक फुकटचं ऑफलाइन अॅप, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरणारं. हा नकाशा स्वयंसेवक मिळून बनवतात, कोणीही त्यात दुरुस्ती करू शकतो. म्हणजे ज्या नकाशात मी काही महिने रात्री जागून दुरुस्त्या करतोय, तोच!

फ्रीवे, सी लिंक, जेजेचा पूल, कोस्टल रोड, अटल सेतू. दुचाकीला बंदी असलेल्या रस्त्यांची ही यादी मुंबईत गाडी चालवणाऱ्याला तोंडपाठ असते. साताऱ्याच्या पोराला कशी असणार? त्याच्यासाठीच तर नकाशा.

घरी येऊन आधी जोसम उघडलं, हा नकाशा दुरुस्त करायचा प्रोग्रॅम. फ्रीवेच्या रेघेवर क्लिक केलं, उजव्या बाजूला टॅगची, म्हणजे त्या रस्त्याला चिकटवलेल्या माहितीची, यादी आली, आणि त्यात 'मोटरसायकल=नो' स्वच्छ लिहिलेलं. नकाशा बरोबर होता. त्या अॅपमध्ये रस्ता काढायला फक्त चारचाकी, सायकल आणि पायी असेच पर्याय होते. पोराने चारचाकी निवडली, बिचारा दुसरं काय निवडणार? अॅपने टॅग वाचलाच नाही. इथून माझी चिडचिड सुरू झाली, ती अजून पुरती गेलेली नाही.

अॅप बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर चोवीस तासांच्या आत आलं, सभ्य आलं, आणि त्याचा मथितार्थ असा की सूचना चांगली आहे, आम्ही सगळे मोकळ्या वेळात काम करतो, तुम्हाला जमत असेल तर कोड लिहून पाठवा. मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावणारा माणूस. गॅसची शेगडी बिघडली म्हणून फोन करावा आणि त्यांनी बर्नरचं डिझाइन पाठवा म्हणावं, तसं झालं हे. पण फुकटच्या वस्तूवर ग्राहक मंचात तरी कुठल्या तोंडाने जायचं?

सध्या उपाय एकच, ऑसमँड, याच नकाशावर चालणारं दुसरं अॅप. त्यात मोटारसायकलची वेगळी प्रोफाइल आहे आणि ती हा टॅग मानते. जड आहे, स्वस्तातल्या फोनवर रस्ता काढताना दम खाते, सेटिंग्जचं तर जंगल आहे. प्ले स्टोअरवरच्या फुकट आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त अॅपच्या दुकानातल्या आवृत्तीत नाही. पैसे न भरता काम होतंय म्हटल्यावर मी अर्थातच दुसरी घेतली. महाराष्ट्राची एक फाइल उतरवली की रोजच्या डेटाला धक्का लागत नाही. पोराच्या फोनवर तेच टाकलंय. तो म्हणतो, दादा, आधीचं दिसायला छान होतं. होतंच.

आता जोसमविषयी, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. 2005 पासून चाललेला हा जावातला प्रोग्रॅम दिसतोही 2005 चा. मुलाचा टाकून दिलेला 4 जीबीचा लॅपटॉप आहे माझ्याकडे, त्यावर तो सुखाने चालतो. ब्राउझरमध्ये चालणारा ओपनस्ट्रीटमॅपचा 'आयडी' नावाचा संपादक त्याच लॅपटॉपवर धापा टाकायचा. अख्खी मुंबई एका दमात उतरवायला गेलात तर सर्व्हर नाही म्हणतो, एका वेळी 50,000 नोडची, म्हणजे नकाशावरच्या बिंदूंची, मर्यादा आहे. बरंच आहे ते. पहिले काही दिवस मात्र बटणं बघूनच बंद करावंसं वाटतं. अपलोड करताना व्हॅलिडेटर, म्हणजे चुका तपासणारा भाग, जी इशाऱ्यांची यादी समोर टाकतो, त्यातल्या निम्म्या गोष्टी मी केलेल्याही नसायच्या. वाटायचं, हा साध्या माणसाने वापरण्यासाठी नाहीच.

मत बदललं ते जेजेच्या पुलावर. हा पूल मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जवळजवळ अडीच किलोमीटर जातो आणि 2010 पासून त्यावर दुचाकीला बंदी आहे. उपग्रहाच्या फोटोत पुलाखालचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे नकाशात दोन्ही रेघा एकमेकींना खेटून काढलेल्या. कुणीतरी 'सुधारणा' म्हणून बंदीचा टॅग पुलाबरोबर खालच्या रस्त्यावरही टाकला. झालं! भायखळ्याहून क्रॉफर्ड मार्केटला जायला ऑसमँड दुचाकीवाल्याला डोंगरीतल्या गल्ल्यांमधून फिरवायला लागलं. आयडीत झूम कर, क्लिक कर, पुन्हा वरचा पूलच हातात. जोसममध्ये ऑल्ट दाबून त्याच जागी पुन्हा क्लिक केलं की खालची रेघ निवडली जाते. एका बोटाची सोय आहे ही, पण तिच्यासाठी मी त्या कळकट खिडक्यांचे सगळे गुन्हे माफ केले. टॅग काढला, चेंजसेटवर, म्हणजे त्याने केलेल्या बदलांच्या नोंदीखाली, त्या माणसाला कारण लिहिलं, त्याचं 'थँक्यू' आलं. भांडायची तयारी करून बसलो होतो, ती वाया गेली.

भांडण झालं ते एल्फिन्स्टनच्या पुलावरून. सप्टेंबर 2025 मध्ये पूल पाडण्यासाठी बंद झाला, नकाशातही बंद केला. थोड्या दिवसांनी कुठल्याशा कंपनीच्या पगारी संपादकाने तो पुन्हा चालू केला. का, तर फोटोत पूल दिसतोय. अहो, तो फोटो कधीचा आहे? मी चेंजसेटवर लिहिलं की मी प्रभादेवीहून रोज जातो, तिथे पत्रे लावलेत. त्याने पुरावा मागितला. इथे मी जे लिहिलं ते सभ्य नव्हतं, पण इंग्रजीत असल्यामुळे जितकं यायला हवं होतं तितकं आलं नाही. शेवटी दुसऱ्या एका जुन्या स्वयंसेवकाने मध्ये पडून पूल पुन्हा बंद केला आणि रेघेवर 'नोट' म्हणून लिहून ठेवलं: फोटो जुना आहे, चालू करू नका. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. हा माणूस कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याला कोणी पगार देत नाही, एवढं नक्की.

स्ट्रीटकम्प्लीट या नकाशात भर घालायच्या फोनवरच्या अॅपविषयी फार सांगण्यासारखं नाही, चांगलं आहे. बेस्टच्या थांब्यावर उभं राहून थांब्याला बाक आहे का, शेड आहे का, रस्ता डांबरी की पेव्हर ब्लॉकचा, याची उत्तरं द्यायची. बस यायला लागतो तेवढा वेळ पुरतो, उरतोही. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. फक्त गुगलच्या नकाशात बघून इथे नावं टाकू नका, परवान्याला ते चालत नाही. दुकानाची पाटी स्वतः वाचली तर चालते.

वरचा मजकूर लिहून काही आठवडे झाले होते, पोस्ट करायचा राहिला. मधल्या काळात एक गोष्ट झाली. बंदीचा टॅग पुलावर आहे, पण चढाच्या रॅम्पवर कुठे आहे, कुठे नाही, हे माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. पुढचा पूल बंद म्हटल्यावर रॅम्पवर टॅग नसला तरी अॅप दुचाकीला तिकडे नेत नाही, रस्ता काढायला काडीचा फरक पडत नाही, हे मलाही कळतं. तरी बंदीची पाटी रस्त्यावर जिथे आहे, नेमकं तिथून बंदी सुरू झाली पाहिजे. पाटीच्या जागी रेघ तोडायची, पी दाबलं की तुटते, आणि पुढच्या तुकड्यावर टॅग. बायको विचारते, याचे पैसे मिळतात का? नाही मिळत.

फ्रीवे आणि जेजेचं काम झालं. खालच्या रस्त्यावर स्कूटर बाजूला लावून रॅम्पच्या तोंडाची पाटी बघता येते. अडलंय ते कोस्टल रोडवर. हाजी अलीच्या इंटरचेंजला रॅम्पची वेटोळी इतकी आहेत की कुठल्या फाट्यावर पाटी आहे आणि कुठल्यावर नाही, ते वर गेल्याशिवाय कळत नाही, आणि वर जायला मला बंदी. बसमधून प्रयत्न करून बघितला, फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत पाटी मागे गेलेली असते. वरळीहून मरीन ड्राइव्हला चारचाकीने रोज जाणारं कोणी असेल तर सांगा, रविवारी सकाळी एक फेरी मारू. पेट्रोल निम्मं माझं. सीएनजी असेल तर पूर्ण माझं.