वीज वाचवणारा डबा : ३,८४९ रुपये पाण्यात

मे महिन्याचं बिल ४,१२० रुपये आलं आणि घरात सगळं खापर मुलाच्या कॉम्प्युटरवर फुटलं. तेवढ्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक इसम ‘लोड तपासणी’ करत फिरू लागला. ही माणसं काय बोलतात तुम्हाला पाठ असेल. तपासणीचे ३५०, डब्याचे ३,४९९. पावती म्हणून कार्डाच्या मागे पेनाने आकडा.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवरचा (आतला वीज पुरवणारा डबा) ‘५०० वॉट’ दाखवून म्हणाला, “बघा, तासाला अर्धा युनिट!” ती त्याची कमाल क्षमता असते हो, खप नव्हे. मुलगा म्हणाला, “काका, मग मोजून दाखवा ना.” तर म्हणे कॉम्प्युटरचा लोड सारखा वर-खाली होतो, आकडा ठरत नाही. आणि गेला स्वयंपाकघरात, फ्रिजकडे! कॉम्प्युटर तपासायला आलेला माणूस क्लॅम्प मीटर (वायरीतले अँपिअर दाखवणारा चिमटा) फ्रिजच्या वायरला अडकवतो, तिथेच पाणी मुरत होतं. मी मात्र पोरालाच गप्प केलं. चारचौघांत उलट बोलू नये, एवढंच मनात होतं. शिवाय डबा लावताच फ्रिजच्या १.३ अँपिअरचे डोळ्यांदेखत ०.९ झाले. मी कॉमर्सवाला, कोणीही भुललं असतं.

डब्यात निघाला एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा. फ्रिजसारख्या मोटरवर त्याने अँपिअर उतरतात, वॉट तेवढेच राहतात. घरगुती बिल वॉटचं येतं, अँपिअरचं नाही. कॉम्प्युटरला तर त्याचा तेवढाही उपयोग नाही.

पोलीस चौकीत ऐकवलं, “स्वखुशीने दिलेत ना? रक्कमही किरकोळ आहे.” तुम्हाला किरकोळ! वीज कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, मग “साहेब साइटवर गेलेत”, मग “मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही”. वर मलाच सल्ला : मीटरवर शंका असेल तर फी भरून तपासून घ्या. त्या भामट्याचं ओळखपत्र त्यांच्याच नावाचं होतं, यावर कोणी मान वर केली नाही.

स्वतः मोजा, फुकट आहे. घरातलं बाकी सगळं बंद, फक्त कॉम्प्युटर चालू. मीटरचा लाल दिवा मिनिटभर मोजा. आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकींना एक युनिट लिहिलंय. मुलगा वर गेम खेळत होता, मी खाली मीटर रूममध्ये फोन कानाला लावून मोजत होतो : १०. म्हणजे तासाला ६००, साधारण १९० वॉट. डबा लावूनही १०च.

वॉट दाखवत नसेल त्याला दारातूनच परत पाठवा. रोख देऊ नका. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा, मी काढला नव्हता. परवा शेजारच्या विंगमध्ये हाच डबा ४,२९९ ला खपलाय.