लोहचुंबक आधी लावायला हवं होतं

माझी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप जवळजवळ ५.३ मीटर लांब. केळदकडून मढे घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर पुढची चाकं खड्ड्यातून सहज निघायची, मागचा बंपर मात्र दगडाला घासायचाच. मागच्या चाकांपलीकडे हौद्याची शेपटी फार. म्हणून ठरवलं, कंपनीचा हौदा काढायचा आणि मागून तिरका कापलेला सपाट ट्रे बसवायचा. ऑस्ट्रेलियात असे ट्रे सर्रास दिसतात. तिन्ही बाजूंचे फाळके पडतात, तंबू असो की पाण्याचे कॅन, कुठूनही हात पोचतो.

पुण्यातला एक फॅब्रिकेटर भेटला. "साहेब, सगळं ॲल्युमिनियम. ३ एमएमची चेकर प्लेट, उठावाच्या नक्षीचा पत्रा. लोखंडाच्या एक तृतीयांश वजन." त्याचं गणित बरोबर होतं, म्हणून तर विश्वास बसला. भाव १ लाख ८० हजार, बिल नको असेल तर १ लाख ६०. मी बिल सोडलं. तो हावरटपणा माझाच, त्याच्या नावावर टाकत नाही.

मग त्याने मला दोन तास बसवून चित्रं दाखवली. कोपरा किती अंशात कापायचा, केबिनच्या मागे जाळी की पत्रा, खाली खण हवेत का. मी हरखून गेलो. पत्र्याचा तुकडा हातात घेऊन बघावा, हे काही सुचलं नाही. निघताना म्हणाला, "जुना हौदा तुम्हाला अडगळच. तळाला गंज धरलाय. भंगारात ८ हजार येतील, बिलातून वजा करतो." मला तो भला माणूस वाटला! "आरटीओचं?" विचारलं, तर "ते मी बघतो."

चंदेरी रंगाचा ट्रे झकास दिसत होता. पहिल्याच पावसाळ्यात बोल्टांखालून तांबूस ओघळ आले. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही एवढं शाळेत शिकलोय. लेकीचं फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं, टपकन चिकटलं. वजनकाट्यावर रिकामी गाडी आरसीवरच्या वजनापेक्षा दीडशे किलोंहून जास्त भरली. काम देण्याआधी आणि नंतर अशा काट्याच्या दोन पावत्या घेतल्या असत्या, तर गाडी ताब्यात घेतानाच त्याला पकडता आलं असतं.

याहून वाईट खाली होतं. खडबडीत वाटेवर चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळवटते. कंपनीच्या गाडीत केबिन आणि हौदा वेगळे असतात, मध्ये फट असते, ती त्यासाठीच. याने ट्रेचे अँगल बोल्टने न बसवता थेट चेसिसवर वेल्डिंग केले होते आणि एका टाक्याजवळ केसाएवढी चीर गेली होती. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने टॉर्च धरून दाखवली आणि काही न बोलता चहा मागवला.

आरटीओचंही त्याने काही 'बघितलं' नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. म्हणजे अस्सल ॲल्युमिनियम लावलं असतं तरी मी अडचणीतच होतो. भांडायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा." शब्दच खुंटला.

गाडी मूळ रूपात आणायची तर हौदा हवा. जुन्या पार्टच्या जाहिराती चाळताना एक हौदा दिसला, 'एकदम कंडिशनमध्ये, गंज नाही, ५५ हजार'. डाव्या बाजूला लांब ओरखडा, आमच्या गावच्या तारेच्या कुंपणाचा. मित्राला फोन करायला लावला. पलीकडचा आवाज ओळखीचा होता. घासाघीस करून सौदा ४५ हजारांवर आला. या वेळी चुंबक खिशात घेऊनच गेलो. ते चिकटलं, पण ते चिकटायलाच हवं होतं.