चाइव्ह्जचं बी : खानदेशच्या उन्हात कुठलं टिकतं

'चाइव्ह्ज' (पात खायची, कांद्याच्या कुळातली वनस्पती) या एकाच नावाखाली ऑनलाइन दोन वेगळ्या वनस्पतींचं बी मिळतं आणि पाकिटावरच्या चित्रावरून फरक कळतोच असं नाही. अ‍ॅलियम शोनोप्रासम हा युरोप, आशिया नि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांतला रानटी कांदा. त्याची पात गोल, पोकळ आणि फूल जांभळं. अ‍ॅलियम ट्यूबरोसम मूळचा चीनकडचा. त्याची पात चपटी, फूल पांढरं, वास लसणाचा.

आपल्याकडे ट्यूबरोसमच, म्हणजे 'गार्लिक चाइव्ह्ज', घ्या. पहिला हिवाळाभर छान वाढतो, पण जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर गेला की बसतो. पाकिटावर शास्त्रीय नाव किंवा निदान 'गार्लिक चाइव्ह्ज' लिहिलेलं नसेल, तर ते पाकीट सोडून द्यावं.

पॅकिंगची तारीखही पाहा. कांद्याचं जुनं बी चालत नाही हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको, याचंही तसंच. वर्ष उलटलेलं बी स्वस्त मिळालं तरी महागच पडतं. शंका असेल तर 10 बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत, तर पेरण्यात अर्थ नाही. नर्सरीत फोडलेला ठोंब मिळत असेल तर बियांच्या भानगडीत पडूच नका: बियांपासून पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, ठोंबापासून साधारण सव्वा महिन्यात.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रब्बी कांद्याचं रोप टाकतात तेव्हाच. 10 इंची कुंडीत काळी माती, शेणखत आणि वाळू समभाग. बी अर्धा सेंटीमीटर खोल. नुसती काळी माती भरली तर पावसात चिखल होऊन मुळं कुजतात, उन्हात भेगा पडून ती तुटतात. बोअरचं खारं पाणी घातलं की मातीवर पांढरा थर येतो नि पातीचे शेंडे जळतात, तेव्हा महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर गोडं पाणी ओतून मातीतला खार धुऊन काढावा. मार्चपासून पाऊस येईपर्यंत 50 टक्के सावलीची हिरवी जाळी हवीच.

कापताना खाली तीन-चार सेंटीमीटर पात ठेवा. फुलं बी धरण्याआधी खुडा, नाहीतर शेजारच्या कुंड्यांतही हाच उगवेल.

एक सावधगिरी. रेन लिली या शोभेच्या फुलझाडाची पात अशीच चपटी दिसते आणि ती विषारी आहे. दोन्ही एकाच कुंडीत कधीच लावू नका. पात चुरगळून लसणाचा वास आला नाही तर ती खायची नाही. वास घेताना हात धुतलेले असावेत, आधीचा वास बोटांना चिकटतो.

चव? गार्लिक चाइव्ह्जची पात भरितात कांद्याच्या पातीच्या जागी टाकली तर ठीक लागते, पण तिचा गोडवा हिच्यात नाही. किलोभर वांग्यांना मूठभर पुरे, आणि तीही भरीत चुलीवरून उतरवल्यावर, कारण शिजली की वास उडतो. ठेच्यात मात्र लसूण निम्मा करून ही घातली तर कांद्याच्या पातीपेक्षा सरस.