विशेष गरजा असलेलं मूल: शाळा की घर?

वर्गात पन्नास-साठ मुलं, घंटा, गोंगाट. स्वमग्न मूल तेवढ्यानेच कानांवर हात ठेवतं. घरी एक गणित दहा मिनिटं घेवो की दोन तास, ‘मागे पडला’ म्हणणारं कोणी नाही. थेरपीची वेळही साधते. दहावीची परीक्षा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालय मंडळाकडून देता येते: वय किमान १४, नोंदणी ५ वर्षं चालते, एकेका विषयाची परीक्षा सवडीने द्यायची.

शाळेत मात्र डबा वाटून खाणारा मित्र मिळतो, तो घरी कुठून आणणार? शिवाय ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षक खरोखर येत असेल, नुसता कागदावर नसेल, तर मी आधी शाळाच निवडेन. घरी शिकवायचं ठरलं की नोकरी बहुधा आईचीच सुटते.