हळदीची कॅप्सूल की इसबगोल?

मोठ्या आतड्याला सूज आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, असं नातेवाइकांना कळलं की दोन सल्ले हमखास येतात. मावशी म्हणते हळद घे, काकू म्हणते रात्री इसबगोल घे. मी दोन्ही घेतलंय, पण मेसालामिनच्या, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या चालू ठेवून. पुढचं सगळं त्याच अटीवर वाचा.

आधी हळद. दुधातली हळद आणि कॅप्सूल यांची गल्लत नको. हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे करक्युमिन; तो हळदीत साधारण 3 टक्के, म्हणजे पाव चमच्यात वीस-पंचवीस मिलिग्रॅम. जपानमधल्या 2006 च्या चाचणीत मात्र रोज 2 ग्रॅम करक्युमिन दिलं होतं. तेवढ्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. इतकी तर हळदीच्या दिवशी नवरदेवालाही लागत नसेल! त्या चाचणीत आजार शांत असलेले रुग्ण होते आणि नेहमीची औषधं सगळ्यांना चालू होती. सहा महिन्यांत करक्युमिन घेणाऱ्या 43 पैकी 2 जणांचा आजार उलटला, न घेणाऱ्या 39 पैकी 8 जणांचा. दिल्लीच्या एम्समध्ये रोज फक्त 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा काही फरक दिसला नाही. मात्रा कमी पडली असावी, असं मला वाटतं.

म्हणून लेबल वाचा. 'हळद अर्क 500 मिग्रॅ, 95 टक्के करक्युमिनॉइड्स' असेल तर एका कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम. नुसतंच 'हळद 500 मिग्रॅ' असेल तर जेमतेम 15. मी तीन महिने दुसऱ्या प्रकारची घेत होते. एक दिवस कॅप्सूल उघडून वास घेतला, तर थेट आमच्या मिसळणाच्या डब्याचा.

अंगी लागावं, म्हणजे रक्तात शोषलं जावं, म्हणून बऱ्याच कंपन्या काळ्या मिरीचं पायपरिन घालतात. मला ते पटत नाही. आपली सूज आतड्यातच आहे, शिवाय पायपरिन रक्तातल्या इतर औषधांचं प्रमाणही वाढवू शकतं. हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने 2023 मध्ये तसा इशाराही दिला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नका.

इसबगोल त्यामानाने साधं आणि स्वस्त. त्याचा चोथा (फायबर) आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडला की ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसतात. स्पेनमध्ये 1999 साली 105 जणांवर वर्षभर चाचणी झाली. इसबगोलाचं बी रोज दोनदा 10-10 ग्रॅम घेणाऱ्यांत 40 टक्क्यांचा आजार उलटला, मेसालामिनवर 35, दोन्ही घेणाऱ्यांत 30. आकडे जवळजवळचे आहेत, पण माणसं मोजकी होती. यावरून गोळ्या बंद करायचं धाडस मी करणार नाही. आपण घेतो ती साल, तिथे दिलं होतं बी, हेही ध्यानात असू द्या.

घेताना एकच पथ्य: ढवळलं की लगेच प्यायचं. फोन वाजला म्हणून पेला ठेवलात तर परत येईपर्यंत खळ झालेली असते. वर आणखी पेलाभर पाणी प्या. पहिला आठवडा पोट गुबारतं, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरुवात करा आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) असेल, आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, तर नकोच. तिथे ते अडकू शकतं.

शौचातून रक्त पडतंय, रात्री उठावं लागतंय, अशा वेळी ही निवड बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. आजार शांत असेल तर मी आधी इसबगोल घेईन. औषधं नीट घेऊनही तो पुन्हापुन्हा उलटत असेल, तर कॅप्सूलचं डॉक्टरांना विचारा.

मी विचारलं. त्यांनी आधी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करायला सांगितलीय. नवा डबा, बिनमिरीचा, रिपोर्ट येईपर्यंत कपाटात सीलबंद आहे.