२५ लिटरचा स्वस्त आईसबॉक्स: भिंती ठीक, झाकण पोकळ

मुलांच्या मैदानी स्पर्धांमध्ये प्रथमोपचाराचं टेबल मी सांभाळते. टेबलाखाली दोन आईसबॉक्स असतात. एकाच बनावटीचे, २५ लिटरचे, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असतात तसले स्वस्तातले. घोटा मुरगळला, चेंडू बोटावर बसला, गुडघा आपटला की पहिल्या काही मिनिटांत बर्फ लागतो, आणि तो कधी लागेल हे आधी कळत नाही. म्हणून या पेटीकडून माझी एकच अपेक्षा आहे: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडल्यावर आत बर्फ दिसला पाहिजे.

तो दिसला नाही. दोन दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी सकाळी सहाला एकेका पेटीत नऊ किलो बर्फ भरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला लांब उडीच्या खड्ड्यापाशी एक मुलगी पाय धरून खाली बसली. मी झाकण उघडलं तर आत कोमट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या रिकाम्या पिशव्या. दुसऱ्या पेटीतही तेच. ओलं फडकं गुंडाळून, पाय उंचावर ठेवून वेळ निभावली, पण घोटा माझ्या डोळ्यांदेखत सुजत गेला. पेटीवरच्या स्टिकरवर मात्र ‘४८ तास थंड’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. कंपनीचं नाव घेत नाही. या किमतीतल्या बहुतेक पेट्या अशाच बांधणीच्या असतात. पण त्या स्टिकरचा राग अजून गेलेला नाही.

त्या दिवसापासून दोन पेट्यांपैकी एक सुधारायची आणि दुसरी जशीच्या तशी शेजारी ठेवून दोन्ही मोजायच्या, असं ठरवलं. हवा बदलली, ऊन कमीजास्त झालं तरी दोन्ही पेट्यांना ते सारखंच लागणार, त्यामुळे तुलना खरी होते.

मोजायची पद्धत सोपी आहे आणि त्यासाठी झाकण उघडावं लागत नाही. पाण्याच्या बुचाखाली मापटं धरायचं आणि दर दोन तासांनी किती पाणी साठलं ते लिहून ठेवायचं. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तासाला एक लिटर पाणी आलं तर पेटीत ९३ वॉटने उष्णता शिरतेय. सुरुवातीचे काही तास धरायचे नाहीत, कारण फ्रीझरमधून काढलेला बर्फ उणे १८ च्या आसपास असतो आणि आधी शून्यावर येण्यात त्याचा वेळ जातो. माझ्या मूळ पेटीतून, सावलीत, प्रत्येकी पाच किलो बर्फावर, तासाला साधारण ३२० मिलिलिटर पाणी येत होतं. हे झाले ३० वॉट. एखादा छोटा जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस बर्फाशेजारी पेटवून ठेवावा, तसं. पंधरा-सोळा तासांत बर्फ संपला. स्टिकर काहीही म्हणो.

आता पेटीबद्दल. भिंती वाईट नाहीत. दोन सेंटिमीटरच्या आसपास फोम आहे, प्लॅस्टिक जाड आहे, आत वास येत नाही, हँडल भरलेल्या पेटीचं वजन पेलतं. भिंतीवर बोटाने टिचकी मारली तर ‘थप’ असा मुका आवाज येतो. झाकणावर मारली की ‘टक’ असा डब्यासारखा आवाज येतो. तिथेच मला कळलं. झाकणाच्या आतल्या बाजूने ड्रिलने एक भोक पाडून बघितलं तर आत नुसती हवा, फोमचा कणही नाही. बंद, स्थिर हवा उष्णता अडवते हे खरं, पण अडीच सेंटिमीटरच्या पोकळीत वरच्या तापलेल्या प्लॅस्टिकची उष्णता किरणांच्या रूपाने हवा ओलांडून खाली पोचतेच. शिवाय उन्हात सगळ्यात जास्त तापतं ते झाकणच.

दुसरा दोष फटीचा. रात्री खोलीत अंधार करून पेटीत टॉर्च ठेवला आणि झाकण लावलं. तिन्ही बाजूंनी प्रकाशाची रेघ दिसली, बिजागरीच्या बाजूला तर बोटभर रुंद पट्टा. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढली तर कुठेच अडकली नाही, सरळ हातात आली. झाकणाला रबर नाही, कडी नाही. ते नुसतं वर टेकलेलं असतं. पेटी गाडीतून नेताना हिंदकळली की प्रत्येक धक्क्याला थोडी थंड हवा बाहेर आणि गरम हवा आत.

आहे तशा पेटीला मी पाचपैकी दोन गुण देईन, तेही भिंतींसाठी आणि हँडलसाठी.

आधी झाकण भरायला घेतलं. स्प्रे फोमचे डबे दोन जातीचे मिळतात. भरपूर फुगणारा घेऊ नका. खिडकी-दरवाजाच्या चौकटीभोवती वापरतात तो कमी फुगणारा घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला हातभर अंतरावर नव्हे, चार-चार बोटांवर भोकं पाडा, म्हणजे नळी सगळीकडे पोचते आणि जास्तीच्या फोमला बाहेर यायला वाट राहते. माझी चूक इथे झाली. पहिल्या भागात मी एका दमात भरपूर फोम सोडला. अर्ध्या तासात झाकण मधोमध फुगून वर आलं आणि तिथली कड उचलली गेली. बाकीचा भाग मग शहाणपणाने केला: झाकण सपाट फळीवर पालथं ठेवायचं, वर दुसरी फळी आणि वजन, एका वेळी थोडाच फोम, तो बसला की पुढचा. आणखी एक गोष्ट डब्यावर बारीक अक्षरांत असते आणि सहसा वाचली जात नाही. हा फोम हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो. बंद पोकळीत तो दमटपणा मिळत नाही आणि आतला भाग दिवसेंदिवस चिकट राहू शकतो. म्हणून फोम सोडण्याआधी पोकळीत स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करा. ओला फोम हाताला लागला तर कातडी सोलल्यासारखी होईपर्यंत निघत नाही. दिवसभराने बाहेर आलेला फोम पातीने कापला आणि भोकं सिलिकॉनने बंद केली. टिचकी मारली. ‘थप’.

मग कडेला दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची चिकट रबरी पट्टी लावली. घेताना बोटाने दाबून, पाण्यात बुडवून बघा. पाणी शोषणारी स्पंजासारखी पट्टी काही उपयोगाची नाही, आणि पुढे तिला बुरशी धरते ते वेगळंच. कोपऱ्यात पट्टी वाकवायची नाही, कापून टोकाला टोक जोडायचं. माझ्या झाकणाची उचललेली कड तिथे दुहेरी पट्टी लावून भरून काढली. पट्टी लावल्यावर झाकण थोडं वरच राहतं, म्हणून पेटीला आडवा एक बकलचा पट्टा घेतला आणि आवळला. कागदाची पट्टी आता ओढताना फाटते. पट्टी आणि पट्टा या दोन्ही गोष्टी लागतात; एकीवाचून दुसरीला अर्थ नाही.

एवढ्यावर पाणी तासाला ३२० वरून २४० मिलिलिटरवर आलं. एका सुट्टीच्या दुपारचं काम, आणि पाच किलो बर्फ पाच तास जास्त टिकला. शेजारची मूळ पेटी अजून ३२० वरच होती.

यानंतर बऱ्याच जणांनी सुचवलं की आतून थर्माकोल लाव. मी आधी हिशेब केला. पेटी आतून ४० बाय २५ बाय २५ सेंटिमीटर आहे. सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर लावले की उरतात ३६ बाय २१ बाय २१, म्हणजे जेमतेम १६ लिटर. नऊ लिटर जागा गेली, म्हणजे तेवढा बर्फही गेला. शिवाय आतला थर्माकोल मुलांच्या हातांनी खरवडला जातो आणि त्याचे दाणे बर्फात मिसळतात. म्हणून मी तेवढ्याच जाडीची घट्ट एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाणे नसलेला फोम) बाहेरून लावली, चारही बाजूंना आणि तळाला. कोपरे टेपने पूर्ण बंद केले, कारण शीट आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळला तर शीट असून नसल्यासारखी. हँडलसाठी खाचा ठेवाव्या लागल्या आणि पेटी दिसायला ओबडधोबड झाली. दिसण्याची मला पर्वा नाही. पाणी आता तासाला १८० मिलिलिटरच्या आत येतं. पाच किलो बर्फ पंधराऐवजी सत्तावीस तास टिकला. हे मी तीनदा मोजलंय.

चमकदार फॉइलबद्दल स्पष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त सल्ला त्याचाच मिळतो. फॉइल उष्णतेचे किरण परतवतं, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी हवा लागते. भिंत आणि शीट यांच्यामध्ये दाबून बसवलं तर ते फक्त धातूचा पातळ पत्रा उरतं. मी एका बाजूला तसं लावून बघितलं. मापट्यात फरक दिसला नाही. त्यापेक्षा झाकणावर चार बोटं वर ताणलेलं पांढरं कापड चांगलं. पेटी उन्हात ठेवायची वेळच आली तर तेवढं करा. आणि तापलेल्या जमिनीवर सरळ टेकवू नका. खाली दोन लाकडी पट्ट्या घाला.

हवा कोरडी असेल तर ते कापड ओलं ठेवा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे एक किलो बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. दमट हवेत मात्र पाणी फारसं उडत नाही, तिथे हे कष्ट करू नका.

भरण्याची रीतही मी बदललीय, आणि त्याने जवळजवळ शीटइतकाच फायदा झाला. आदल्या रात्री पेटीत एक जुनी गोठवलेली बाटली टाकून झाकण लावते आणि सकाळी ती काढून ताजा बर्फ भरते. साधं पाणी चुकूनही बर्फात ठेवत नाही. तीस अंशांचं एक लिटर पाणी थंड व्हायला १२५ किलोज्यूल घेतं, म्हणजे पाऊण लिटर पाणी गार करण्यापायी पाव किलोहून जास्त बर्फ जातो. कडेने गोठवलेल्या बाटल्या उभ्या, आणि मधोमध बर्फाच्या खड्यांची पिशवी. उष्णता भिंतीकडून येते, तेव्हा आधी बाटल्या वितळतात; मुलांच्या पायाला लावायचे खडे शेवटपर्यंत टिकतात. मोठा सलग बर्फ खड्यांपेक्षा सावकाश वितळतो, पण मुरगळलेल्या घोट्याभोवती बाटली बसत नाही, म्हणून दोन्ही ठेवते. बर्फावर मीठ टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मिठाने तापमान शून्याखाली जातं, पण बर्फ लवकर संपतो, आणि तेवढा थंड बर्फ लहान मुलाच्या कातडीला इजा करू शकतो.

वितळलेलं पाणी काढावं की ठेवावं? मी मोजणीपुरतं काढलं. मैदानावर काढत नाही. ते शून्याच्या जवळचंच असतं, आणि काढलं की त्या जागी गरम हवा शिरते. पिशव्या बंद असतील तर पाण्याचा त्रास नाही.

एक धोक्याची गोष्ट. रबर आणि पट्टा लावून बंद केलेल्या पेटीत ड्राय आईस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, कधीही ठेवू नका. तो उणे ७८ अंशांवर सरळ वायू होतो, आणि त्या वायूला बाहेर पडायला फट लागते. मूळ पेटीत ती होती. आता नाही.

परवाच्या दोन दिवसांच्या स्पर्धेत दोन्ही पेट्या पुन्हा नऊ-नऊ किलोने भरल्या. मूळ पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत संपली. सुधारलेली दिवसभर उघडत-मिटत होती. एका मुलाचं बोट, दोन घोटे, एक गुडघा. प्रत्येक वेळी फडक्यात गुंडाळलेले खडे पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बक्षीस समारंभ चालू असताना पट्टा सोडला तेव्हा मधली पिशवी अर्धी भरलेली होती आणि कडेच्या एका बाटलीत मुठीएवढा बर्फाचा गोळा खुळखुळत होता. सुधारलेल्या पेटीला मी पाचपैकी चार देते.

पाचवा गुण बिजागरीने घालवला. ती झाकणाच्याच प्लॅस्टिकची पातळ घडी आहे, आणि फोमने झाकण जड झाल्यापासून डाव्या टोकाला केसाएवढी चीर दिसायला लागलीय. पुढच्या स्पर्धेआधी तिथे नायलॉनचा पट्टा रिव्हेट करून बसवणार आहे, आणि त्याच दिवशी दुसऱ्या पेटीचं झाकण भरायला घेणार आहे. या वेळी एकदम भरपूर फोम सोडणार नाही.